सरळ ओळीतले दगड

रविवार, ४ फेब्रुवारी

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वहीत फक्त विद्यार्थ्यांच्या चुका लिहितो. ही वही वेगळी, नव्या उद्योगाची.

सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतो आहे. शिकवणीच्या गाडीत माझ्याही पायाशी क्लच आणि ब्रेक असतो, आणि तो ब्रेक मी वेळेवर दाबतो एवढंच माझं कौशल्य. ही म्हणते, तुम्ही आयुष्यात तिसऱ्या गिअरच्या वर गेला नाहीत. हिच्या भावाला मात्र चौथ्याच्या खाली करमत नाही. तो दातांचा डॉक्टर आहे. त्याने जुनी चारही चाकांना ताकद पोचणारी जीप घेतली आणि महिन्याभरात दोनदा चिखलात रुतवून घेतली. त्यावरून कल्पना निघाली, की असे हौशी लोक पुष्कळ आहेत, त्यांना खाचखळग्यांत गाडी कशी चालवायची ते दर रविवारी शिकवावं. ऑफ-रोडिंग म्हणतात त्याला. जीप त्याची, शिकवणं माझं.

आज जागा पाहिली. गावाबाहेर बंद पडलेली वीटभट्टी आहे, तिच्या मागे मोठं गवताळ रान. थोडा चढ, थोडा उतार, एक कोरडा ओढा. आपल्यासाठीच केल्यासारखं. तारेचं कुंपण आहे आणि फाटकावर पाटी, ‘खाजगी जागा, आत येऊ नये.’ फाटकाला कुलूप नाही, नुसता तारेचा आकडा. मेहुणा म्हणाला, मालक कोण आहे ते शोधून विचारून घेऊ या का? मी म्हटलं, परवानगी मागितली की समोरच्याला नाही म्हणायची सोय होते. शिवाय आपण काही तोडणार नाही, फोडणार नाही, जशी जागा होती तशी ठेवून निघणार. लाल दिव्यापाशी रेषेच्या वीतभर पुढे गाडी थांबवली म्हणून मी विद्यार्थ्याला दहा मिनिटं बोलतो, हे त्याने लगेच काढलं. म्हटलं, तो रस्ता, हे रान. रेषाच नाही तर ओलांडणार काय?

रविवार, ११ फेब्रुवारी

पहिला वर्ग. तिघे आले, आपापल्या गाड्या घेऊन. तिघांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेतलं. जागा कोणाची हे एकानेही विचारलं नाही. मी पुढे, ते मागे.

रानात एक सोय आयतीच मिळाली. चुना लावलेले बरेच दगड पडले होते, मोजले तर तेवीस. कोणीतरी इतका चुना फासायचे कष्ट घेतले आणि दगड टाकले मात्र वेडेवाकडे, एक इकडे, दोन तिकडे, मध्येच एकदम आत वळलेले. ओळ नाही, अंतर नाही. आम्ही ते गोळा करून फाटकाजवळ इंग्रजी आठ मांडला आणि त्या आठातून गाड्या काढायला लावल्या. फार छान वर्ग झाला.

एकाची गाडी मात्र मधल्या सपाट भागात रुतली. पुढचं डावं चाक अर्धं खाली गेलं. जमीन कोरडी ठणठणीत, वर गुडघाभर गवत, आणि चाक खाली राखेसारख्या भुसभुशीत मातीत. त्याने क्लच एकदम सोडला असणार. जीपने ओढून काढली आणि खळगा बुजवून टाकला.

निघताना दगड परत ठेवले. नुसते फेकून नाही दिले. दहा-दहा पावलं मोजून एका सरळ ओळीत लावले, वर सुतळी धरून पाहिली. मेहुण्याने सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि म्हणाला, भाऊजी, मालक आला तर तुम्हाला बक्षीस देईल.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

हिने विचारलं, जागा कोणाची? म्हटलं, पडीक आहे. ही म्हणाली, पडीक जागेलाही मालक असतो, तुमची बहीण दोन वर्षं सासरी नांदली नाही तेव्हा ती काय पडीक झाली होती का? हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. कुठलं उदाहरण कुठे लावेल सांगता येत नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

दुसरा वर्ग. पुन्हा आठ, पुन्हा सरळ ओळ. आज ओढ्यात उतरणं आणि चढणं. तिघांची भीती गेली. माझीही थोडी गेली, पन्नाशीनंतर हे बरं वाटतं. रानात कोणी नव्हतं. पलीकडच्या टोकाला पत्र्याची शेड आहे, तिला कुलूप.

रविवार, २५ फेब्रुवारी

वर्ग झाला नाही.

फाटकाला आज साखळी आणि कुलूप होतं. आत, मधल्या सपाट भागात, एक लहान ट्रॅक्टर आडवा पडला होता. मागे गवत कापायचं यंत्र जोडलेलं. एक बाजू जमिनीत रुतलेली, वरचं चाक हवेत. माणूस कोणी नव्हतं. कुंपणापाशी उभं राहून आम्ही बघितलं. ट्रॅक्टरच्या अलीकडे आणि पलीकडे पांढरे दगड दिसत होते, सरळ ओळीत.

तिघांना सांगितलं, आज जागा मोकळी नाही. परत येताना मी म्हणालो, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना कोणी नीट शिकवत नाही, हा मोठा दोष आहे. मेहुणा खिडकीतून बाहेर बघत होता.

घरी आल्यावर त्याला फोन करून व्हिडिओ पुसून टाकायला सांगितलं. शिकणाऱ्यांचे चेहरे त्यात आहेत, त्यांची संमती घेतलेली नाही. अशा बाबतीत काटेकोर असावं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

दुपारी ऑफिसात एक बाई आल्या. ओळखलंत का सर, म्हणाल्या. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकल्या होत्या, आता स्वतःचं औषधांचं दुकान आहे. वहीत त्यांचं पान सापडलं. ‘उजवीकडे वळताना आरशात बघत नाहीत.’ त्या हसल्या, मग रडल्या.

त्यांचे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वीटभट्टी त्यांचीच होती. विटांसाठी माती काढून काढून मागच्या रानात मोठाले खड्डे झाले होते. भट्टी बंद केल्यावर त्यांनी ते राखेने आणि तुटक्या विटांनी भरले. वर गवत उगवलं. आता वरून बघून खड्डा कुठला आणि जमीन कुठली काही कळत नाही, म्हणून त्यांनी स्वतः खड्ड्यांच्या कडेकडेने चुना लावलेले दगड ठेवले. पंधरा वर्षं ते महिन्यातून एका बुधवारी दगड डाव्या हाताला ठेवून गवत कापायचे. गेल्या बुधवारी दगडांच्या कडेनेच चालले होते आणि ट्रॅक्टर खाली गेला. तीन बरगड्यांना तडे गेले. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत ते तिथेच पडून होते.

“बाबा म्हणतात दगड कोणीतरी हलवले,” बाई म्हणाल्या. “मी जाऊन बघितलं सर. दगड एका ओळीत, सारख्या अंतरावर, एकही कमी नाही. चोर येऊन दगड नीट लावून जाईल का? त्यांनीच कधीतरी लावले असणार आणि विसरले असणार.”

मी पाणी मागवलं. त्यांचं काम वेगळंच होतं. वडील बरे झाले की पुन्हा गाडी चालवणार म्हणून हट्ट धरून बसतील. माझं ते ऐकतील, कारण मी त्रयस्थ. मी त्यांची चाचणी घ्यावी आणि काय ते सांगावं. नापास केलंत तर उपकार होतील, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावर ते होतं.

मी हो म्हणालो.

बुधवार, २८ फेब्रुवारी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधीकधी. पंधरा वर्षांत राख आणखी खचली असेल. दगड जागेवर असते तरी चाक गेलं असतं, असं होऊ शकतं.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

होऊ शकत नाही. आमची गाडी रुतली तेव्हाच जमीन काय आहे ते कळलं होतं. मी क्लचला दोष दिला.

रविवार, ३ मार्च

मेहुणा जेवायला आला. स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन म्हणाला, भाऊजी, तोंडात मिठाची गुळणी धरा. माझा दवाखाना आहे. परवानगीशिवाय घुसलो, खुणा हलवल्या, माणूस जखमी झाला, कुठला विमा आपल्याला दारात उभं करेल? आणि कोणी विचारलेलं आहे का? नाही ना? मी म्हटलं, चाचणीच्या वेळी योग्य ते करीन. नापास करणार नाही, म्हणजे अन्याय व्हायचा प्रश्न नाही. त्याला हे पटलं. मलाही ही वाट बरी वाटते. म्हाताऱ्याला गाडी मिळाली की झालं.

हिने नंतर विचारलं, आज दोघं इतके गप्प का? तिला अर्धं सांगितलं.

मंगळवार, १२ मार्च

बाई फोनवर. वडील सारखं तेच बोलतात, दगड हलवले, दगड हलवले. त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, ती बरोबर सांगितली. मग घड्याळ काढायला लावलं, तेही बरोबर. मग ‘दगड कोणी हलवले?’ विचारलं तेव्हा रागावले आणि टेबलावर हात आपटला. विस्मरणाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. बाई स्वतःच्याच दुकानातून देतात. गॅसची शेगडी वापरायला बंदी केली, चालू ठेवून विसरतील म्हणून. बाहेर एकट्याने जाणंही बंद.

“मी बरोबर करते आहे ना सर?” त्यांनी विचारलं. आता सांगावं असं वाटलं. दोन शब्द तोंडात आलेही होते. तेवढ्यात दारात शिकाऊ मुलगी येऊन उभी राहिली, आणि मी म्हणालो, काळजी घेताय हे चांगलंच आहे.

शनिवार, २३ मार्च

बाईंचा निरोप. बाबा आता दगडांचं बोलत नाहीत. खूप शांत झाले आहेत.

शुभवार्ता असल्यासारखं त्यांनी ते सांगितलं, आणि मीही तसंच ऐकलं. संध्याकाळी चहाचा कप तसाच खाली ठेवला. हिला उरलेलं अर्धं सांगितलं. हिने हातातलं भांडं पुसून खाली ठेवलं. मग म्हणाली, “तुम्ही त्या माणसाला वेडा ठरवताय आणि त्याची परीक्षाही तुम्हीच घेणार?”

मी ठरवत नाही, इतर ठरवत आहेत, असं मी म्हणणार होतो.

शनिवार, ३० मार्च

चाचणी झाली.

काका, म्हणजे बाईंचे वडील, उंच, सडसडीत, इस्त्रीचा सदरा. बाई मागच्या सीटवर. बसल्याबसल्या काकांनी सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले, पट्टा बांधला. माझ्याकडे तरुण मुलं येतात त्यांना हे दहा वेळा सांगावं लागतं. बाजारातून काढली, चढावर थांबवून पुन्हा उचलली, गाडी तसूभर मागे गेली नाही. मागे घेत घेत दोन गाड्यांमध्ये लावली. माझा पाय तासभर ब्रेकवर तरंगत होता, एकदाही दाबावा लागला नाही. सव्वीस वर्षांत असं चार-पाच जणांच्या बाबतीत झालं असेल.

मी फॉर्मवर ‘योग्य’ लिहिलं, खाली सही केली आणि मोठ्या मनाने तो त्यांच्या हातात दिला. वाटलं, फिटलं.

काकांनी तो वाचला, घडी घातली आणि लेकीला दिला. गाडीची किल्लीही काढून तिच्याच हातात ठेवली.

“चालवायला येतं हो,” ते मला म्हणाले. “हात-पाय जुने आहेत, त्यांना सवय आहे. पण मी दगड हलवले आणि मला आठवत नाही, म्हणजे काय राहिलं? उद्या कोणाच्या तरी पोराला उडवीन आणि घरी येऊन जेवायला बसेन.”

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना हायसं वाटलेलं दिसत होतं. मला इतकी लाज वाटली, की मी गाडीचा दिवा उगाच चालू-बंद केला.

मंगळवार, २ एप्रिल

त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. तारेचा आकडा काढला तिथपासून. तिघे विद्यार्थी, आठ, रुतलेलं चाक, दहा-दहा पावलं, सुतळी. काहीही वगळलं नाही.

काका खुर्चीत बसून शांतपणे ऐकत होते. शेवटी लेकीकडे बघून म्हणाले, “तू सांगितलंस का गं यांना असं म्हणायला?”

बाई नाही म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे भरले होते. काका मला म्हणाले, “भले माणूस आहात. माझ्यासाठी एवढी गोष्ट रचलीत. सुतळीपर्यंत सगळं डोक्यात बसवलंत.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला. दारापर्यंत बाई सोडायला आल्या आणि म्हणाल्या, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, त्यांच्या मनाला बरं वाटेल असं बोलत जा, पण तुम्हाला हे कसं सुचलं? मी म्हटलं, ताई, हे खरं आहे. त्या हसल्या. सर, पिवळा दिवा लागला की तुम्ही थांबता, मागचे हॉर्न वाजवून दमतात. तुम्ही दुसऱ्याच्या कुंपणाची तार काढाल? मी तुमच्याकडे शिकले आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

पुरावा शोधतो आहे. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःविरुद्ध.

मेहुण्याकडे गेलो. व्हिडिओ पुसला, तुम्हीच सांगितलं होतं, म्हणाला. मग साक्षीला चल म्हटलं. तो खुर्चीवरच्या पेशंटच्या तोंडात आरसा धरून होता. मान वर न करता म्हणाला, मी त्या जागेवर कधी गेलोच नाही. त्याच्याशी नातं आहे म्हणून नाही, पण त्या क्षणी तो मला अगदी माझ्यासारखा दिसला.

तिघांना फोन केले. दोघांनी उचलला नाही. तिसरा म्हणाला, आम्ही कुठे गेलो होतो तेच आम्हाला माहीत नाही सर, आम्ही तुमच्या मागे आलो.

शनिवार, ६ एप्रिल

ही म्हणाली म्हणून पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, मग मालकाची तक्रार आहे का विचारलं. बाईंना फोन लावला. बाईंनी त्याला सांगितलं, तक्रार काहीच नाही, ते सर फार हळवे आहेत, बाबांचं बघून त्यांना त्रास झालाय. हवालदाराने मला चहा पाजला आणि सुट्टी घ्या म्हणाला.

खोटं बोलणाऱ्याला लोक पकडतात. मी इतकी वर्षं इतका नाकासमोर चाललो, की आता खरं बोललो तरी माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हे मी कौतुकाने लिहीत नाही.

रविवार, १४ एप्रिल

रान भाड्याने द्यायचं ठरलं आहे. गवत कापायला पुढच्या आठवड्यात नवा माणूस मोठं यंत्र घेऊन येणार. बाईंना म्हटलं, त्याआधी दगड जागेवर ठेवायला हवेत, नाहीतर तोही खड्ड्यात जाईल. एवढं तरी त्यांना पटलं. दगड मुळात कुठे होते ते मला आठवत नाही. वेडेवाकडे होते एवढंच आठवतं. ते माहीत असलेला माणूस जगात एकच.

आज काकांना घेऊन गेलो. बाईंनी फाटकाचं कुलूप काढलं. ट्रॅक्टर विकला आहे, त्याच्या जागी लांबट खळगा उरला आहे. मी बाही वर करून पहिला दगड उचलला आणि म्हटलं, काका, तुम्ही नुसतं बोट दाखवा, एकेक करून ठेवतो.

काकांनी सगळ्या रानावरून नजर फिरवली. डोळे बारीक झाले, ओठ हलले, मोजत असावेत. मग त्यांचा उजवा हात झटकन उठला आणि ओढ्याच्या अलीकडे, उंबराच्या रोपाच्या थोडं डावीकडे, एका जागी थांबला. अजिबात न डगमगता. मी दगड घेऊन तिकडे चार पावलं गेलोही.

मागे वळून पाहिलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते. लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाई नुसत्या मायेने बघत होत्या, लहान मुलाच्या चित्राकडे बघावं तशा. काकांचा हात सावकाश खाली आला.

“तुम्हीच ठेवा कुठेतरी नीट,” ते म्हणाले. “माझं आता काही खरं नाही.”